चेहरा राहू दे, आधी ती बसते कशी ते बघ

ही बाहुली घेऊ का असं परवा तू विचारलंस आणि मी लगेच उत्तर दिलं नाही, राग मानू नकोस, दोन रात्री मी त्या बाहुलीचे फोटो मोठे करकरून बघत होते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: युरोपातली एक एकटीच काम करणारी कलाकार आहे, तिने तिची पहिली पूर्ण बॉल जॉइंटेड डॉल, म्हणजे गोळ्यांचे सांधे असलेली बाहुली, आणलीय, उंची ४२ सेंटिमीटर, फक्त ३० नग, किंमत ६२० युरो आणि पोस्टेज वेगळं, प्रीऑर्डर रविवारी बंद होणार. बाहुली पन्नाशीच्या बाईची आहे. डोळ्यांखाली सुरकुत्या, ओठांच्या बाजूला घडी, पोट सुटलेलं, हातावर शिरा. जिने मला विचारलं तिने यासाठी वर्षभर पैसे साठवलेत आणि बाहुल्या जमवणाऱ्या आपल्या मुंबईच्या मंडळींत दोन तट पडलेत, एक म्हणतात म्हातारी बाहुली कोण घेणार, दुसरे म्हणतात असा चेहरा पुन्हा मिळणार नाही, डोळे झाकून घे.

माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चेहऱ्यावरच भांडतायत. मी गेली पंधरा वर्षं बाहुल्यांचं रीस्ट्रिंग (आतलं इलॅस्टिक काढून परत ओवणं) आणि फेसअप (चेहरा रंगवणं) करते, माझ्याकडे दुरुस्तीला दीडशेच्या वर बाहुल्या येऊन गेल्या असतील, आणि एकही बाहुली अशी आली नाही की जिचा चेहरा आवडला नाही म्हणून मालकीण रडत होती. रडतात त्या सांध्यांसाठी. चेहरा पुसता येतो, परत रंगवता येतो, विग बदलला डोळे बदलले की बाई वेगळीच दिसते. पण कमरेचा सांधा चुकीचा घडवला असेल तर तो जन्मभर तसाच, कारण तो साच्यातच गेलेला असतो.

म्हणून ती बसते कशी ते बघायचं.

हे जरा सविस्तर सांगते कारण फोटोत फसायला होतं ते इथेच. आपल्याला शाळेत उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकवलेला आठवतोय ना, आपला खांदा आणि खुबा उखळीचा, कोपर गुडघा बिजागरीचा. बाहुलीत मात्र जवळजवळ सगळेच उखळीचे, एका भागाला गोळा, दुसऱ्याला वाटी, आणि आतून पोकळ शरीरातून इलॅस्टिक ओवलेलं. साधारण रचना अशी असते की हातांचं एक इलॅस्टिक एका मनगटापासून छातीतून दुसऱ्या मनगटापर्यंत जातं, आणि पायांचं दोन्ही पावलांपासून धडातून वर मानेपर्यंत येऊन डोक्यातल्या एस-हुकला अडकतं. बाहुली उभी राहते ती फक्त या ताणावर आणि गोळा वाटीत किती घट्ट बसलाय त्यावर, स्क्रू नाही, खिळा नाही, काही नाही.

आता गुडघा वाकवला की आतल्या इलॅस्टिकचा रस्ता बदलतो. त्याला सरकायला गोळ्यात खाच कापलेली असते. ती खाच पुरेशी लांब नसेल किंवा थोडी तिरकी गेली असेल तर इलॅस्टिक गोळ्याच्या काठावर चढतं, जास्त ताणलं जातं आणि तू हात सोडलास की पाय फटकन सरळ. याला किकिंग म्हणतात. नव्या कलाकारांच्या पहिल्या बाहुलीत हे फार दिसतं कारण कॉम्प्युटरवर मॉडेल बनवताना गोळा आणि वाटी पडद्यावर छान फिरतात, पण पडद्यावर इलॅस्टिक नसतं. ताण तिथे कळतच नाही. तो कळतो प्रत्यक्ष ओवल्यावरच आणि मग परत मॉडेल सुधारा, परत प्रिंट काढा, परत ओवा, असं चार-पाच वेळा केलेली बाहुली आणि एकदाच केलेली बाहुली यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, जरी फोटोत दोघी सारख्याच दिसल्या तरी.

आणि या बाहुलीत एक जास्तीची अडचण आहे जी कुणीच बोलत नाहीये, ती म्हणजे तिचं पोट. शिडशिडीत बाहुली बसवली की मांडी सरळ वर येते, मध्ये काही नसतं. हिला पोट सुटलेलं आहे (मला ते फार आवडलंय, खालच्या बाजूला जी हलकीशी घडी दाखवलीय ती बघितलीस का, सिझेरियन झालेल्या बाईचं पोट असंच दिसतं, हे बघून घडवलेलं आहे, मनाने नाही) पण मग मांडी ९० अंशात आली की ती पोटाला लागणार. लागली तर दोनच गोष्टी होतात, एकतर बाहुली मागे कलते, नाहीतर गुडघे बाहेर फाकतात. यावर उपाय म्हणजे धडात छातीखाली एक सांधा ठेवायचा म्हणजे वरचं अंग थोडं पुढे झुकतं आणि तोल सावरतो. त्या फोटोंत छातीखाली रेघ दिसतेय, म्हणजे सांधा आहे, पण तो किती झुकतो ते एकाही फोटोत नाही. अकरा फोटो टाकलेत, त्यात सात चेहऱ्याचे, दोन हातांचे, दोन उभी असलेली. बसलेली एकही नाही. तिने लपवलंय असं मी म्हणत नाही, चेहऱ्यावर जीव ओतलाय तर माणूस चेहराच दाखवणार ना. पण आपण मागायला पाहिजे.

तर आज रात्रीच तिला लिही. घाबरू नकोस, चांगल्या कलाकाराला असे प्रश्न आवडतात. साध्या भाषेत सांग की बाहुली खुर्चीवर टेका न देता बसलेली, बाजूने काढलेला फोटो पाहिजे. उजवा हात गालाला लावलेला पाहिजे, कारण कोपर नीट वाकत नसेल तर हात हनुवटीखालीच अडतो. आणि एक छोटा व्हिडिओ, ज्यात ती पाय वाकवून हात काढून घेते आणि दहा सेकंद बाहुली तशीच राहते. हे सगळं रंग न केलेल्या, कपडे न घातलेल्या, म्हणजे ब्लँक बाहुलीवर. कपड्यांत सगळं लपतं. तिने हे पाठवलं तर माझं मत असं की बाहुली घे, अगदी खुशाल घे.

मी हे एवढं का ताणून धरतेय ते सांगते. चार-पाच वर्षांपूर्वी ठाण्याची एक जण माझ्याकडे बाहुली घेऊन आली, अशीच एकट्या कलाकाराची पहिली बाहुली, कोणाची ते नको. चेहरा बघून मलाच भरून आलं होतं. बॉक्समधून काढून मी तिला टेबलाच्या काठावर बसवली, हात काढला, आणि उजवा पाय हळू, अगदी हळूहळू वर यायला लागला, जसं कोणीतरी खालून दोरी ओढतंय. मग सरळ होऊन बाहुली मागे पडली. मी इलॅस्टिक बदललं, जाडी कमी केली, मांडीच्या वाटीत सुएडचं पातळ अस्तर लावलं (धारावीत लेदरच्या दुकानांमध्ये कापून उरलेले पातळ तुकडे मिळतात, ते यासाठी उत्तम, गोळ्याला पकड मिळते), तरी फरक थोडाच पडला. शेवटी उघडून दिव्यासमोर धरल्यावर कळलं की उजव्या खुब्याची खाच मध्यभागी नव्हतीच, दोन मिलिमीटर आत सरकलेली. दोन मिलिमीटर. डावी बरोबर होती. ते घासून मोठं करायला गेलं तर गोळ्याचा काठ तुटण्याइतका पातळ होत होता, म्हणून मी तिथेच थांबले. ती बाहुली आजही तिच्या घरी उभीच असते, स्टँडवर, आणि तिला ती बसवायची होती खिडकीत, आईच्या जुन्या आरामखुर्चीच्या छोट्या मॉडेलवर. खुर्ची आधी करून घेतली होती तिने.

म्हणजे काय दुरुस्त होतं आणि काय नाही हे लक्षात ठेव. ढिली बाहुली दुरुस्त होते, इलॅस्टिक बदलायचं, एवढ्या उंचीला साधारण ३ मिलिमीटरचं गोल इलॅस्टिक चालतं. घसरणारा सांधा अस्तराने सुधारतो. हात एका पोजमध्ये राहत नसेल तर आत तार घालता येते. जोडरेषा म्हणजे साच्याच्या दोन भागांमधली ती उंचावलेली रेघ घासून जाते. पण खाचेची जागा, गोळ्याचा आकार, हातापायांचं प्रमाण, हे घरी बसून सुधारत नाही.

आता चेहऱ्याबद्दल, कारण तो विषय मी टाळतेय असं वाटायला नको. माझे काका लालबागला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. लहानपणी सुट्टीत मी तिथे जाऊन बसायची, मूर्ती पूर्ण रंगून तयार असायची, दागिने, सोंड, शेला सगळं, पण डोळे कोरे, आणि काका शेवटी येऊन ब्रशची एक रेघ ओढायचे की समोरचा गणपती आपल्याकडे बघायला लागायचा. ते म्हणायचे वरच्या पापणीची रेघ केसाइतकी खाली आली तर देव झोपलेला दिसतो, वर गेली तर दचकलेला. फेसअप करताना मी आजही तेच करते, फक्त ब्रश आणखी बारीक. आणि म्हणून मला या बाहुलीचं कौतुक वाटतं, कारण तरुण गुळगुळीत चेहऱ्यावर सगळा भाव रंगाने आणावा लागतो, पण इथे घडी घडवलेलीच आहे. सॉफ्ट पेस्टलची पावडर ब्रशने फिरवली की ती आपोआप त्या घडीत जाऊन बसेल आणि सावली तयार होईल. उलट धोका असा की नेहमीसारखी शेडिंग केली तर ती ६५ ची दिसेल, कारण घडी आणि रंग दोन्ही मिळून दुप्पट होतं. म्हणजे हिला रंग कमी लागणार, अर्धाच. भुवयांत दोन-तीन पांढरे केस मात्र मी नक्की काढीन.

आणि म्हातारी बाहुली कोण घेणार म्हणणाऱ्यांना माझं साधं उत्तर आहे की मी घेणार. कपाट उघडलं की वीस चेहरे सतरा वर्षांचे आणि सगळ्यांचे ओठ तसेच अर्धवट उघडे. मला माझ्या आत्यासारखी दिसणारी एक बाहुली पाहिजे यात गैर काय आहे? गौरींचे मुखवटे बघा ना आपल्याकडे, घराण्यात पिढ्यानपिढ्या आलेले जुने मुखवटे असतात त्यांच्यातही एक पोक्तपणा असतो आणि आपण त्यांनाच नटवतो, लुगडं नेसवतो, गजरा माळतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की ही जरा वयस्कर दिसतेय.

फेसअप तिच्याकडून करून घ्यायचा की इथे करायचा असंही विचारलंस. तिच्याकडूनच करून घे, वर ९० युरो मागतेय ते रास्त आहे. कारण एक तर चेहरा तिनेच घडवलाय, दुसरं म्हणजे बाहुली इथे पोचेल तेव्हा पावसाळा असेल. फेसअपच्या आधी आणि नंतर जो मॅट स्प्रे मारतात, बहुतेक जण मिस्टर सुपर क्लिअर वापरतात, तो दमट हवेत पांढरा धुरकट होतो. हवेत ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की मी डबा हातातच घेत नाही आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली फारशी येतच नाही. एकदा जुलैमध्ये गिऱ्हाईकाच्या घाईपायी मी एसी लावून प्रयत्न केला होता, सहा तासांचं काम, शेवटचा थर मारला आणि डोळ्यांवर मोतीबिंदू आल्यासारखा पडदा आला. सगळं पुसून परत. तेव्हापासून माझं फेसअपचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शिवाय स्प्रेचे डबे विमानाने पाठवत नाहीत त्यामुळे इथे मिळायची मारामार, हल्ली मी बरंचसं काम लिक्विटेक्सचं मॅट व्हार्निश एअरब्रशने मारून करते. आणि कोणी करत असेल तर कृपा करून साध्या कापडी मास्कवर करू नका, ऑर्गॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, आणि रेझिन, म्हणजे बाहुलीचं ते प्लास्टिकसारखं मटेरियल, घासायचं तर पाण्याखाली ओल्या पॉलिश पेपरने. ती धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही, बंद खोलीत तर नाहीच.

पुढचा मुद्दा मटेरियलचा. तिने रेझिन एवढंच लिहिलंय. हल्ली रेझिन या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे पॉलियुरेथेन रेझिन, सिलिकॉनच्या साच्यात ओतून केलेलं, आपण बॉल जॉइंटेड डॉल म्हणतो ती बहुतेक याचीच. दुसरं म्हणजे थ्रीडी प्रिंटरचं रेझिन, जे प्रकाशाने घट्ट होतं. प्रिंट वाईटच असं नाही, पण ते प्रकाशात आणखी कडक होत जातं, ठिसूळ होतं, आणि आपल्या घरात खाली काय असतं, टाइल्स. करंगळी गेलीच समज. प्रिंट असेल तर ६२० युरो जास्त आहेत, सरळ विचार. ओतीव असेल तर विचार की ओतणारं कोण आहे, ती स्वतः की कास्टिंग करणारं दुसरं कोणी, आणि प्रेशर पॉटमध्ये ओततात का. दाबाखाली ओतलं की हवेचे बुडबुडे दबून जातात, नाहीतर नाकाच्या शेंड्यावर आणि बोटांच्या टोकांना बारीक भोकं राहतात. सिलिकॉनचा साचाही झिजतो, साधारण २०-३० नग काढल्यावर बारीक तपशील मऊ व्हायला लागतात, आणि हिच्या बाबतीत तपशील म्हणजेच तर सगळं आहे, त्या हातावरच्या शिरा. ३० नगांसाठी ती एक साचा वापरणार की दोन, हेही विचारून घे. फोटोतली बाहुली प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना आहे की साच्यातून ओतलेली, तेही.

कोणी विचारत होतं की हे बाहुल्यांचं प्रकरण मुळात आलं कुठून. थोडक्यात सांगते, जर्मनीत हान्स बेल्मर नावाच्या कलाकाराने १९३० च्या दशकात गोळ्यांचे सांधे असलेली बाहुली केली, त्याची कामं बघून जपानमध्ये सायमन योत्सुया वगैरे कलाकारांनी ती कला आपली केली, आणि १९९९ मध्ये क्योटोच्या व्होल्क्स कंपनीने सुपर डॉलफी काढली, साधारण ६० सेंटिमीटरची, तिथून हा छंद पसरला, मग कोरियन कंपन्या आल्या, मग चिनी. म्हणजे सुरुवात एकट्या कलाकारांनीच केलेली आहे, कंपन्या मागाहून आल्या.

पैशांचं नीट ऐक. तिने लिहिलंय बाहुली सहा ते आठ महिन्यांत पाठवीन. पेपालवर तक्रार करायची मुदत पैसे दिल्यापासून १८० दिवस, म्हणजे बाहुली निघायच्या आत ती मुदत संपलेली असणार. म्हणून सगळे पैसे आज देऊ नकोस. तिने हप्त्यांची सोय दिलीय, तीन हप्ते, तो पर्याय घे आणि शेवटचा हप्ता पाठवायच्या आधी द्यायचा असं लेखी ठरव. प्रामाणिक कलाकार याला नाही म्हणत नाही. आणि उशीर होईल हे धरूनच चाल. एकट्या माणसाच्या कामात साचा फाटतो, ती आजारी पडते, हे होतं, मी एकदा चौदा महिने थांबले होते आणि बाहुली सुंदर आली. उशीर झाला तरी दर महिन्याला फोटो टाकणारी कलाकार असेल तर मी निवांत असते. गप्प बसली की मग काळजी.

कस्टम्स. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. गिफ्ट म्हणून पाठव असं कोणी सुचवेल, ते करू नकोस, ५,००० रुपयांपर्यंतच्या गिफ्टला जी सूट होती ती डिसेंबर २०१९ मध्येच काढली, आणि किंमत खोटी लिहिली आणि पार्सल हरवलं तर विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीचेच मिळणार. तिला सांग की खरी किंमत लिही आणि वर्णनात स्पष्ट लिही की प्रौढ संग्राहकांसाठीची कलाकृती, मुलांचं खेळणं नाही. कारण १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) मार्क बंधनकारक आहे आणि परदेशातल्या एकट्या कलाकाराकडे तो असण्याचा प्रश्नच नाही. इनव्हॉइस, पेमेंटचा पुरावा आणि बाहुलीच्या पानाचा प्रिंटआउट एका फाइलमध्ये ठेव, बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून पत्र आलं तर लगेच देता येईल. मी स्वतः बाहुलीच्या किमतीच्या पाऊणपट रक्कम बाजूला काढल्याशिवाय ऑर्डरच करत नाही. तुझे ते पैसे बाजूला आहेत का हे तूच बघ, नसतील तर खरंच थांब.

एक गोष्ट मी ठामपणे सांगते आणि त्यावर माझ्याशी वाद घालू नये. कोणीतरी म्हणालं की थांबलीस तर वर्षभरात रीकास्ट येईल, तिसऱ्या हिश्शात. म्हणजे कोणीतरी एक बाहुली विकत घेणार, तिच्यावरून साचा काढणार आणि कलाकाराला न विचारता ओतून विकणार. मोठ्या कंपनीला त्याचा फटका बसतो, पण ३० नगांवर पुढचं वर्षं काढणाऱ्या बाईचं त्यात घरच बुडतं. मी रीकास्टचं रीस्ट्रिंग करत नाही, फेसअप करत नाही, ओळखीतली असली तरी नाही. बाहुलीबरोबर सहीचं सर्टिफिकेट येईल ते जपून ठेव, बॉक्ससकट.

अंगाचा रंग कुठला घ्यायचा, टॅन (सावळा) की नॉर्मल (गोरा). तुला तिला आपल्यासारखी करायचीय म्हणून टॅन पाहिजे हे समजतं, मीही तेच घेईन. फक्त टॅन रेझिनवर घासलेली जागा पांढुरकी पडते, म्हणून जोडरेषा तिच्याकडूनच घासून घे, घरी हात लावू नकोस. आणि जादा हात घ्यायचे असतील, तो मूठ वळलेला जोड फार सुरेख आहे, तर आत्ताच घे. पुढच्या खेपेला ओतलेल्या रेझिनचा रंग जुन्याशी जुळत नाही, बोटं एका रंगाची आणि मनगट दुसऱ्या रंगाचं दिसतं.

इथे आल्यावर तिला पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नकोस एवढं एक पाळ. उन्हाने रेझिन पिवळं पडतं, टॅन असेल तर रंग उडतो. फोटो काढायला अर्धा तास बाहेर ठीक आहे. पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा बदलायच्या. मोहेरचा, म्हणजे बकरीच्या लोकरीचा, विग असेल तर त्याला कसर लागते, डांबराच्या गोळ्या रेझिनजवळ नको, मी विग वेगळ्या डब्यात वेखंडाच्या तुकड्यांबरोबर ठेवते. गडद लाल, काळे, निळे कपडे आधी दोन-तीनदा धुऊन मगच घाल, नाहीतर आठवड्यात मांडीवर डाग पडतो आणि तो निघत नाही. आणि काही पुसायचं झालं तर ॲसिटोनवालं नेलपेंट रिमूव्हर अजिबात नाही.

नऊवारी नेसवायची म्हणतेस ना, ते मात्र मला मनापासून आवडलं. त्यासाठीही बसण्याचाच प्रश्न येतो बघ, काष्टा घातल्यावर पायांमध्ये कापड येतं, खुबा आधीच अडत असेल तर ती मुळीच बसणार नाही. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर, ही बाहुली साधारण चौथाई मापाची, म्हणून लांबी दोन मीटर आणि रुंदी अकरा-साडेअकरा इंच धर. पण कापड चौथाईने पातळ होत नाही ना, म्हणून निऱ्या फुगतात. अगदी तलम मलमल घे, मंगलदास मार्केटमध्ये मिळेल, निऱ्या घालून ओल्या करून रात्रभर पुस्तकाखाली दाबून ठेव. काठाला भुलेश्वरमधून अर्ध्या इंचाची जरीची लेस, ती तिच्या अंगावर दोन इंची काठासारखी दिसते. तिथेच लाडू गोपाळाच्या दागिन्यांची दुकानं आहेत, बांगड्यांची मापं घेऊन जा, माझ्या ४२ सेंटिमीटरच्या बाहुलीला तिथली एक ठुशी अशी बसली जशी तिच्यासाठीच केलेली.

तर आज तिला मेल टाक. काय लिहायचं ते जमलं नाही तर मला कच्चं पाठव, मी बघते. व्हिडिओ शनिवारपर्यंत आला तर लगेच मला दाखव, मी खुबा आणि छातीखालचा सांधा थांबवून थांबवून बघीन, रविवारी दुपारपर्यंत तुला हो किंवा नाही सांगते. आणि तिने सांगितलं की बसलेला फोटो सध्या नाही, नंतर टाकेन, तर ही खेप सोड. तिची दुसरी बाहुली येईल तेव्हा तुझे पैसे तुझ्याकडेच असतील.